घसा, हृदय आणि नाचरे हात

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, कोल्हापूर या साऱ्या टापूतून सौंदत्तीच्या यल्लम्माकडे गाड्या लागतात. भंडारा, चौंडक्याचा आवाज आणि गर्दीत मधूनच एखाद्या बाईच्या अंगात आलेले वारे हे दृश्य तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. या लेखाचा विषय ते वारे नव्हे. त्या वाऱ्याच्या सावलीत राहिल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ओळखू न आलेला एक आजार, हा माझा विषय आहे. डॉक्टर त्याला 'सिडनहॅमचा कोरिया' म्हणतात. अलीकडच्या काळातल्या आयुर्वेदीय लेखकांनी त्यासाठी 'तांडवरोग' हे नाव वापरले आहे. आपल्या घरांत मात्र त्याला नावच नसते. पोरगी धांदरट झाली, हात नाचरे झाले, दृष्ट लागली, भ्याली, एवढ्यावर काम भागते.

आजार दिसतो कसा, ते आधी सांगतो, कारण पुढचा सारा इतिहास त्या दिसण्यावरच उभा आहे. वय साधारण पाच ते पंधरा. मुलांपेक्षा मुलींना जास्त, जवळजवळ दुपटीने. कालपर्यंत ठीक असलेली मुलगी विनाकारण रडू लागते, चिडते, अभ्यासात लक्ष देत नाही. मग अक्षर बिघडते. हातातली वाटी निसटते. शर्टाचे बटण लावता येत नाही. पुढच्या काही दिवसांत हात, खांदे, चेहरा यांची हालचाल सुरू होते, आणि तिला ताल नसतो. एका जागची हालचाल थांबते न थांबते तोच दुसरीकडे ती सुरू होते, जणू कोणी आतून दोऱ्या ओढतो आहे. जीभ बाहेर काढून क्षणभर धरायला सांगा, धरता येत नाही. तुमची दोन बोटे घट्ट पकडायला सांगा, तर पकड आवळते, सैल होते, पुन्हा आवळते, म्हशीची धार काढावी तशी. इंग्रज डॉक्टरांनी या खुणेला गवळणीच्या पकडीचेच नाव दिले आहे. आणि मुलगी झोपली की सारे शांत.

आता हे अंगात येण्यापेक्षा वेगळे कसे? वाऱ्याला वेळ असते, जागा असते, वाद्य असते, पाहणारे असतात. ते चढते, बोलते, कौल देते आणि उतरते. कोरियाला यातले काही लागत नाही. सकाळच्या चहाला, शाळेच्या बाकावर, निवडायला घेतलेल्या तांदळाच्या सुपावर, आठवडेच्या आठवडे तो चालूच असतो. हा फरक शेजारच्या म्हातारीलाही सांगता आला असता. पण ज्या समाजाकडे अनाहूत हालचालीसाठी एकच चौकट तयार असते, तो नवी चौकट शोधत नाही.

यात आपण काही वेगळे केले असे समजू नका. युरोपने हेच केले आणि फार मोठ्या प्रमाणावर केले. १३७४ साली ऱ्हाईन नदीकाठच्या गावांतून माणसांचे घोळके रस्त्यावर नाचू लागले. १५१८ साली स्ट्रासबुर्ग शहरात तेच घडले, आणि नाचणाऱ्यांना संत व्हायटसच्या स्थानाला नेण्यात आले. तिथे नवस आणि विधी झाले. ते नाच म्हणजे आपला हा आजार नव्हता. ती समूहाच्या मनाची घटना होती, दुष्काळ-महागाईने पिचलेल्या लोकांची. पण नाव चिकटले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने त्या नाचासाठी 'कोरिया' हा शब्द वापरला, ज्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या नाचाच्या शब्दात आहे. पुढे लंडनच्या थॉमस सिडनहॅमने १६८६ मध्ये मुलांच्या या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही 'संत व्हायटसचा नाच' हेच नाव ठेवले. म्हणजे देवस्थानाचे नाव वैद्यकात गेले, ते तीनशे वर्षे निघाले नाही.

सिडनहॅमचे वर्णन आजही वाचावे असे आहे. आधी एक पाय ओढल्यासारखा चालतो, मग त्याच बाजूचा हात ठरत नाही. मूल प्याला तोंडाशी नेताना विदूषकासारखे हातवारे करते आणि संधी मिळताच पेय घशात ओतून टाकते, असे त्याने टिपले. डोळा अचूक, निदान अचूक. कारण मात्र साफ निसटले. चमत्कार असा की सांध्यांच्या तापाचे, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणाऱ्या सुजेचे चांगले वर्णनही याच माणसाने आधी केले होते. दोन्ही आजार त्याच्या टेबलावर होते, पण एकाच रोगाची ती दोन रूपे आहेत हे त्याला दिसले नाही. त्याने रक्त काढले, जुलाब दिले. मुले बरी झाली, कारण हा आजार बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. उपचाराला यश मिळाले असे वाटायला एवढे पुरते. अंगाऱ्यालाही ते याच कारणाने मिळते.

पुढच्या दोनशे वर्षांत एकेक दुवा जुळत गेला. पॅरिसच्या बुयोने सांध्यांचा ताप आणि हृदयाचा बिघाड यांचे नाते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. १८५० साली त्याच शहरातल्या जेर्मे सेने नाचऱ्या हातांची मुले आणि सांध्यांचा ताप यांची सांगड घातली. १८९४ मध्ये विल्यम ऑस्लरने फिलाडेल्फियातल्या शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून या विषयावर ग्रंथच लिहिला आणि हृदयाकडे बोट दाखवले. पण घसा? घशाचा जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, हा या सगळ्याच्या मुळाशी आहे, हे सांध्यांच्या तापाबाबत विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत पटले. कोरियाबाबत तरीही शंका उरली. कारण मूल डॉक्टरकडे येते तेव्हा घसा स्वच्छ असतो, ताप नसतो, रक्तातल्या खुणाही बहुधा पुसलेल्या असतात.

ही गाठ १९५६ मध्ये टारांटा आणि स्टोलरमन यांनी सोडवली, आणि उत्तर विलक्षण साधे निघाले: वेळ. घसा दुखल्यानंतर सांधे दोन-तीन आठवड्यांत सुजतात. हात नाचायला लागायला मात्र एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत काळ जातो. तोवर पुरावा निघून गेलेला असतो. श्रावणात घसा धरला आणि संक्रांतीला वाटी हातातून सुटली, तर कोणती आई या दोन गोष्टी जोडील? ती मधल्या काळातले काहीतरी आठवील: कुत्रे अंगावर आले होते, तिन्हीसांजेला विहिरीवर गेली होती, मामाच्या घरी मयत झाले होते. दर वेळी जवळची आणि भीतिदायक गोष्टच कारण म्हणून सापडते. दूरची आणि क्षुल्लक गोष्ट, म्हणजे चार दिवसांचा घसा, सुटून जाते.

आत घडते काय, तेही थोडक्यात सांगतो. घशातल्या जंतूशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, त्यांना जंतूच्या अंगावरचे काही अंश आणि आपल्याच पेशींवरचे काही अंश सारखे भासतात. ती हृदयाच्या झडपांवर चालून जातात, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांवरही. १९७६ मध्ये अशी प्रतिद्रव्ये या मुलांच्या रक्तात दाखवता आली. लगाम सुटला की हात आपल्या मनाने चालतात. शत्रू मेला तरी फौज घरात शिरून राहिली, असा हा प्रकार.

आता आपल्या देशाकडे. इंग्रजी अमदानीत बराच काळ असे मानले जाई की सांध्यांचा ताप हा थंड, ओल्या देशांचा रोग आहे आणि हिंदुस्थानात तो विरळा. सर लेनर्ड रॉजर्स यांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या शवविच्छेदनांच्या नोंदींवरून तसेच मत दिले, आणि त्यांच्या नावाचे वजन मोठे होते. १९३० च्या दशकात मद्रास प्रांतात डॉ. कुटुंबय्या यांच्यासारख्यांनी मुलांच्या वॉर्डांत नीट पाहायला सुरुवात केली, तेव्हा रोग इथे भरपूर आहे असे दिसले. रोग आला नव्हता; पाहणारा आला होता. वास्तविक माधवकराच्या निदानग्रंथात, म्हणजे हजारावर वर्षांपूर्वी, आमवाताचे प्रकरण आहे: ताप, मोठ्या सांध्यांची सूज, विंचू डसल्यासारख्या वेदना आणि रोग वाढल्यावर हृदय धरल्यासारखे होणे. तो हाच रोग, असे मी छातीठोक म्हणणार नाही; सांध्यांचे अनेक आजार त्या एका नावाखाली आलेले असावेत. पण सांधे आणि हृदय एका श्लोकमालेत आलेले पाहून थबकायला होते.

बेळगाव जिल्ह्यात सरकारचे लक्ष त्या काळी कुठे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. प्लेगमध्ये गावे ओस पडली, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. बेळगावात देवीची लस तयार करणारी संस्था होती. पटकी, प्लेग, देवी: जे झटपट मारते ते मोजले जाते. दुखणारा घसा कोणत्या रजिस्टरात लिहायचा? ज्यांना बरे दवाखाने परवडत किंवा जवळ पडत ते मिरजेला जात, जिथे डॉ. वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते. बाकीच्यांना गावचा वैद्य, देवरुषी, आणि चिंचलीच्या मायाक्कापासून सौंदत्तीपर्यंतची देवस्थाने. नवस बोलण्याला मी हसत नाही. मुलीचे हात थांबेनात तेव्हा आईला काहीतरी करायचे असते, आणि दुसरे कोणी काही करत नसते.

निपाणीसाठी मात्र एक वेगळा परिच्छेद लागतो. निपाणीचा इतिहास आपण तंबाखूच्या भावाने लिहितो. वखारी, अडते, १९८१ च्या एप्रिलमधले शेतकऱ्यांचे आंदोलन, महामार्गावर बसलेली माणसे आणि झालेला गोळीबार, हे सारे त्यात येते आणि यायलाच हवे. वखारीतल्या बायका आणि बिड्या वळणारी घरे महादेव मोरे यांच्यासारख्या इथल्याच लेखकाच्या पानांतून मराठीला ओळखीची झाली. पण या घरांतल्या मुलांचा घसा इतिहासात कुठेच नाही. आता हा रोग कशावर पोसतो ते पाहा. जंतू एका घशातून दुसऱ्या घशात जातो तो जवळीकीने: एका खोलीत सात-आठ माणसे, एका वाकळेखाली तीन भावंडे, बंद खिडकी. सांध्यांचा ताप हा जगभर दाटीवाटीच्या घरांचा रोग म्हणून ओळखला जातो. इंग्लंड-अमेरिकेत तो पेनिसिलिन येण्याच्या आधीच उतरणीला लागला होता, आणि त्याचे मोठे श्रेय मोकळ्या होत गेलेल्या घरांकडे जाते. निपाणीच्या गल्लीत याखेरीज आणखी एक गोष्ट होती: खकाणा. तंबाखूच्या धुळीने सगळ्यांचाच घसा खवखवतो, सगळेच खोकतात. जिथे घसा दुखणे हे रोजचेच, तिथे जंतूमुळे दुखणारा घसा वेगळा कोण काढील? आणि जिच्या बोटांवर घराचा रोज अवलंबून आहे, अशा दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या सुपातल्या बिड्या एकाएकी सैल, वाकड्या येऊ लागल्या, तर आधी काय होईल? आधी धपाटा बसेल. शाळेतही तेच. अक्षर बिघडले म्हणून छडी, हा कोरियाचा सर्वांत जुना आणि सर्वत्र सारखा उपचार आहे.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण ते आपल्याच मातीतले आहे. सर्पगंधा ही पश्चिम घाटातही आढळणारी वनस्पती. वैद्य तिचे मूळ झोपेसाठी आणि उन्मादावर देत आले. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन वेगळे केले. रेसर्पिन दिलेले प्राणी निश्चल का होतात हे शोधताना स्वीडनचे आर्विद कार्लसन मेंदूतल्या डोपामिनपर्यंत पोचले, ज्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल मिळाले. हालचाल कमी करणारे द्रव्य हाती आले म्हटल्यावर ते नाचऱ्या हातांवर वापरणे ओघानेच आले. रेसर्पिनच्याच धर्तीचे टेट्राबेनाझिन आजही कोरियात देतात. पण हे सारे हालचालीवरचे औषध झाले. मूळ कारणाला त्याचा धक्का लागत नाही.

कारणावरचे औषध पेनिसिलिन. १९५० मध्ये अमेरिकेच्या वायोमिंगमधल्या लष्करी तळावर दाखवून देण्यात आले की घसा वेळीच बरा केला तर सांध्यांचा ताप येतच नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी चालते. पुढे तीन-चार आठवडे अंगात टिकणारे बेन्झाथिन पेनिसिलिन निघाले, आणि ज्याला एकदा हा रोग झाला त्याला तो पुन्हा होऊ नये म्हणून ते नियमाने टोचण्याची पद्धत पडली. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. पुण्याजवळ कारखाना, आणि दीड-पावणेदोनशे मैलांवरच्या निपाणीत ते टोचून घ्यायला मूल दर एकवीस दिवसांनी दवाखान्यात येत नाही, हा या कथेतला खरा तिढा.

का येत नाही? कारण हात थांबलेले असतात. ज्या आजाराची ओळखच हालचाल, ती थांबली की आजार संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. सुई दुखते, दोन-दोन दिवस कुल्ला दुखतो. एखाद्याला त्या सुईने घेरी आली, जीव गेला, अशी गोष्ट तालुक्यात फिरते आणि खासगी डॉक्टरही ती सुई द्यायला कचरतात. अशी तीव्र प्रतिक्रिया होते, पण फार विरळा. वर औषधाचा तुटवडा: स्वस्त औषधात नफा नाही म्हणून जगभर ते बनवणारे कमी झाले. मग एखाद्या वर्षी पुन्हा घसा धरतो आणि पुन्हा हात नाचू लागतात. पाचांतल्या एकाला तरी, काही नोंदींत त्याहून पुष्कळ जास्त जणांना, कोरिया पुन्हा होतो. घरचे म्हणतात, देवीचे राहिले होते. राहिलेली असते ती सुई. पुरता खरेपणा राखायचा तर हेही सांगायला हवे की काही मुलांत नवा घसा न दुखताही हालचाल परतते, आणि त्याचे कारण अजून नीट उमगलेले नाही.

हालचाल परतली एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याची गरज नव्हती. प्रत्येक फेरीत हृदयाच्या झडपांवर नवा व्रण पडू शकतो, आणि तो दुखत नाही. मिट्रल झडप हळूहळू आकसते. हे आकसणे युरोपात मध्यम वयात दिसे. आपल्याकडे ते विशीच्या आत दिसते, हे १९६३ मध्ये दिल्लीचे डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर मांडले. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन अशा झडपा शस्त्रक्रियेने मोकळ्या करू लागले त्याला आता सत्तरेक वर्षे झाली. बेळगावात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि पुढे हृदयाच्या शस्त्रक्रियाही गावातच होऊ लागल्या. झडप बदलायची सोय जवळ आली, आणि झडप वाचवणारी काही रुपयांची सुई दूरच राहिली, यावर वाचकांनी आपले आपण काय ते म्हणावे.

एक सावधगिरी. लहानपणी आजारपण झाले आणि नंतर हालचाल बिघडली, असे दिसले की प्रत्येक वेळी हाच रोग असतो असे नाही. जन्मतःची तीव्र कावीळ मेंदूत उतरली तर हातपाय पिळवटण्याची खोड कायमची राहते. गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी क्वचित झटके आणि बुद्धीची घसरण सुरू होते. मेंदूज्वरानंतरही असे होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पसरलेल्या, फॉन एकोनोमोने १९१७ मध्ये वर्णिलेल्या निद्रारोगाने कित्येकांना पुढे कंपवाताने जखडले. आणि एक कोरिया वंशपरंपरेचा: अमेरिकेच्या जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ मध्ये वर्णिलेला, बहुधा मोठेपणी सुरू होणारा, बापाकडून किंवा आईकडून निम्म्या मुलांत उतरण्याचा धोका असलेला.

हा शेवटचा फरक आपल्यासारख्या, चार पिढ्या एका गावात काढलेल्या कुटुंबांना फार महाग पडला आहे. इथे कोणाच्या घरात काय झाले ते सगळ्यांना माहीत असते, आणि सोयरीक जुळवताना तेच विचारले जाते. दहाव्या वर्षी जिचे हात नाचले, तिच्या घराण्यात दोष आहे, अंगात काही आहे, वेडाची झाक आहे, अशी कुजबुज स्थळापर्यंत पोचते. खरे तर सिडनहॅमचा कोरिया हंटिंग्टनसारखा पिढीजात उतरत नाही. पण समजावत कोण बसणार? त्यापेक्षा झाकणे सोपे. मग आई मुलीचे इंजेक्शनचे कार्ड फाडते, दवाखान्याचे कागद चुलीत जातात, आणि लग्नाआधी वर्ष-दोन वर्षे सुया बंद होतात, नेमक्या ज्या वयात त्या चालू हव्यात. हृदयाला काही झाले नसेल तरी शेवटच्या फेरीपासून पाच वर्षे किंवा वयाच्या अठराव्या-एकविसाव्या वर्षापर्यंत, यातले जे लांबचे असेल तोवर. झडप बिघडली असेल तर त्याच्याही पुष्कळ पुढे. एवढी ती मुदत आहे.

ती मुलगी सासरी जाते, आणि दिवस राहतात. गरोदरपणात दोन गोष्टी घडू शकतात. लहानपणी ज्यांना कोरिया झाला, त्यांच्यापैकी काहींचे हात या काळात पुन्हा नाचू लागतात. याला वैद्यकात वेगळे नावही आहे. आणि जिची मिट्रल झडप गुपचूप आकसत गेली, तिच्या हृदयावर वाढलेल्या रक्ताचा भार पडतो. सहाव्या-सातव्या महिन्यात जिना चढताना धाप लागते, रात्री उशा चढवून बसावे लागते, आणि बाळंतपणात फुप्फुसांत पाणी भरू शकते. सासरचे म्हणतात, पहिलटकरीण आहे, असे होतेच. तपासणीला नेले तर डॉक्टर किंवा परिचारिका केसपेपर भरताना विचारतात, लहानपणी काही मोठे आजारपण? शेजारी सासू बसलेली असते. मुलीला वाटी हातातून सुटत होती ते आठवत असते, आणि कोणाला सांगायचे नाही ही आईची ताकीदही. ती मान हलवून नाही म्हणते. केसपेपरवर तसेच लिहिले जाते.